कंपनीची ऑर्डर

कुलंबिन, न्यू साउथ वेल्स
५ फेब्रुवारी १९६९

प्रिय एनिड,

नाताळचं कार्ड पाठवून दोन महिने झाले नाहीत तोच डल्सीचं पत्र कसं, असं म्हणशील. फोनच करणार होते. पण एक्सचेंजवर मिसेस डन्फी बसते, आणि तिच्या कानावर पडलं की गावाला वेगळी दवंडी पिटायला लागत नाही. म्हणून पत्र.

तर ऐक. तुझा भाऊ, म्हणजे माझा नवरा, हातचा चाललाय.

हसू नकोस. तुझा क्लेम, बाजारातून आला की सगळ्या अंगाला शेणाचा वास येणारा, मीठ मागतानासुद्धा लाजणारा, तोच. मंगळवारी सकाळी बूट घासून लख्ख करतो. गुरांच्या बाजारात, फळीवर उभं राहून लिलाव पुकारायला लख्ख बूट कशाला लागतात, सांग मला. गुरं बघतात का त्याचे बूट?

गुरं नाही बघत. नेस हॅलोरन बघते.

नेस तुला आठवते ना? नदीकाठच्या जमिनीवरच्या ॲल्बीची बायको. ॲल्बी दोन वर्षांपूर्वी गेला, त्याच दुष्काळात तिने आपल्या सगळ्या पैदाशीच्या गायी म्हाताऱ्या गिल्बर्ट पास्कोला विकून टाकल्या. वाईट वाटलं होतं तेव्हा मला. मी स्वतः तिच्या घरी फ्रूट केक नेऊन दिला होता. आता वाटतं, तो केक मी घरीच खाल्ला असता तर बरं.

दर मंगळवारी ही बाई बाजारात येते. बाकीचे घेणारे गुरांच्या कठडे घातलेल्या कप्प्यांना चिकटून उभे राहतात, क्लेम वरच्या फळीवरून पुढे सरकला की तेही खालून सरकतात. ही मात्र लांब, काळ्या फाटकाच्या खांबाला टेकून, एकटी उभी असते आणि त्याच्याकडे बघत राहते. गायींकडे नाही गं, त्याच्याकडे. आणि तोही बोली पुकारता पुकारता वळून वळून तिच्याकडे बघतो. हे मला मिसेस डन्फीने सांगितलं, ती बाजारातल्या चर्चच्या चहाच्या स्टॉलवर असते ना, आणि वर म्हणाली, "तू म्हणून सांगते हो डल्सी, मी कोणाला बोलणार नाही." म्हणजे गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त मीच काय ती राहिले होते.

बरं, दिसायला तरी काय आहे ती? उन्हाने रापलेली, ॲल्बीच्या जुन्या पँटी घालते, डोक्यावर त्याचीच हॅट. माझी साय लावलेली कातडी बघ आणि तिची बघ. आणि तरी माझ्या नवऱ्याची मान तिच्याकडे वळते. रात्रंदिवस हाच विचार. पिठात हात असले तरी तोच, पियानोवर बसले तरी तोच.

मी त्याला विचारलं, नेस बाजारात कशाला येते? तर म्हणाला, बाजारातलं घरी आणू नये. संपलं. पुढे वाचत बसला पेपर.

तू मोठी बहीण आहेस. तुझ्यापुढे तो खोटं बोलत नाही. सरळ विचार त्याला, आणि मला कळव.

तुझी,
डल्सी

*

अल्व्हरस्टन, टास्मानिया
१२ फेब्रुवारी १९६९

प्रिय डल्सी,

तुझं पत्र बटाट्याच्या शेताच्या बांधावर बसून वाचलं आणि इतकी हसले की हॅरॉल्डला वाटलं, मला काही चावलं. क्लेम आणि भानगड! बये, तुला मागणी घालायला त्याला दोन वर्षं लागली, आणि तीही शेवटी माझ्या वडिलांनी घातली.

मी काही त्याला विचारणार नाही. त्याची बायको तू आहेस, मी नाही. पण तुझ्या डोक्यात थोडा उजेड पाडते.

क्लेम अडत्या आहे. विकणारा आपली गुरं त्याच्या हवाली करतो, आणि क्लेम त्याचं मीठ खातो. फळीवर उभा असतो तेव्हा त्याला बायको नसते, बहीण नसते, मित्र नसतो. समोर दहा घेणारे, आणि त्यांच्यातून शेवटचा डॉलर काढायचा. आता घेणारे का सरळ हात वर करतात? एक पाईप या गालातून त्या गालात सरकवतो, दुसरा काठी जमिनीवर टेकवतो, तिसरा फक्त पापणी पाडतो. कोणालाच शेजाऱ्याला कळू द्यायचं नसतं की आपण बोलतोय. कळलं की शेजारी मुद्दाम चढवतो. हे सगळं अडत्याला टिपावं लागतं, म्हणून त्याची मान कोंबड्यासारखी चारी बाजूंना फिरते. फिरता फिरता ती नेसकडेही जाणार, त्यात काय?

तुला बघायचंच असेल तर मिसेस डन्फीच्या डोळ्यांनी बघू नकोस. स्वतः जा. बावीस वर्षं त्या बाजारावर तुझं घर चाललंय आणि तुला तिथल्या धुळीची शिसारी. मी असते ना तिथे, तर एक मंगळवार चुकवला नसता. इथे मला काय, बटाटे. बटाट्यांचाही बाजार असतो, पण बटाट्यात जीव नसतो.

जा आणि बघ. पण माणसं बघू नकोस, बोली बघ. कुठून येते, कुठे जाते. बस, याहून जास्त मी सांगत नाही.

गुडघा दुखतोय. हॅरॉल्ड बरा आहे, म्हणजे बोलत नाही.

तुझी नणंद,
एनिड

*

कुलंबिन
११ मार्च १९६९

प्रिय एनिड,

गेले. तुझा सल्ला ऐकून चहाच्या स्टॉलवर पाळी लावून घेतली, लागोपाठ तीन मंगळवार. केसात धूळ, नाकात धूळ, आणि डोळ्यांत काय गेलं ते सांगते.

मिसेस डन्फी खोटं बोलली नव्हती. कमीच बोलली होती. चहाच्या खिडकीतून ते काळं फाटक सरळ दिसतं. नेस खांबाला टेकून उभी. क्लेमने एखादा चांगला कप्पा पुकारायला घेतला की ही मान वर करते आणि त्याच्यावर डोळे लावते. पापणी लवत नाही. तो इकडे बोली घेतो, तिकडे बोली घेतो, आणि मधेच तिच्याकडे बघतो. ती बघतच असते. मग एकदम तिने नजर खाली टाकली की हा लगेच तोंड फिरवतो, पुन्हा म्हणून तिकडे बघत नाही. रुसवा-फुगवा का काय म्हणायचा हा? आमच्या लग्नाआधी नाही झाले असले खेळ, ते आता, सगळ्या गावाच्या देखत?

तू म्हणालीस, पाईप हलतो, काठी टेकते. पाईप वेगळा आणि डोळे वेगळे. मला इतकंही कळत नाही असं समजू नकोस.

आणि बोली बघ म्हणालीस, तीही बघितली. जे जे चांगलं त्याचा सौदा क्लेम हातावर हात मारून पक्का करतो आणि कारकुनाला सांगतो, "कंपनीची ऑर्डर." म्हणजे उत्तरेकडच्या कुठल्याशा मोठ्या मळ्याने पत्राने मागवलेलं. मला त्या मळ्याशी काय करायचंय?

आता सगळ्यात मोठं. पास्को म्हातारा सगळी गुरं विकायला काढतोय. त्याने नेसला शब्द दिला होता म्हणे, की मी गुरं पाळणं थांबवेन तेव्हा तुझ्या गायी आधी तुला. पण पोरांनी हट्ट धरला, काय ते सगळ्यांसमोर लिलावात होऊ दे. पुढच्या मंगळवारी, अठराला. नेसच्या त्या बावीस लाल गायी, पांढऱ्या तोंडाच्या, वासरांसकट, एकाच कप्प्यात. ॲल्बीच्या बापाने जोपासलेलं रक्त आहे ते. त्या आल्या तर नेसची जमीन टिकते. नाही आल्या तर तिने नुसतं गवत राखून काय करायचं? विकून सिडनीला लेकीकडे जाईल. रॉइस गँडी टपलेलाच आहे तिच्या नदीकाठावर. तोच गं, मांसाच्या कारखान्यासाठी घेतो तो. ॲल्बी गेल्यावर नेस पहिल्यांदा बाजारात आली आणि हात वर करून बोलली, तेव्हा या गँडीने प्रत्येक कप्प्याचा भाव चढवून चढवून तो तिच्या गळ्यात मारला होता.

तर परवा रविवारी, चर्च सुटल्यावर, माझा नवरा तिच्या घरी. दुपार तिथेच. आला तेव्हा विचारलं, कुठे होतास? म्हणाला, कामाचं होतं. मी म्हटलं, रविवारी? तर म्हणाला, गुरांना रविवार कळत नाही. आणि कान लाल. तुझ्या भावाचे कान लाल झाले एनिड, की पाणी कुठे मुरतंय ते मला कळतं.

म्हणजे बाई गायी मिळवायला माझ्या नवऱ्याला वश करतेय. गायी तिला मिळोत, माझी ना नाही. पण माझ्या घरावरून नाही. अठराला मी तिच्याशेजारी जाऊन उभी राहणार आहे. चारचौघांत सांगणार आहे, काय सांगायचं ते.

आणि तू काहीतरी लपवतेस. "याहून जास्त सांगत नाही" म्हणजे काय? रक्ताच्या नात्याचं तुम्हा दोघांचं एक, आणि मी परकी, असंच ना?

डल्सी

*

अल्व्हरस्टन
१५ मार्च १९६९

डल्सी,

पत्र आत्ता मिळालं. पोस्ट बंद व्हायच्या आत हे टाकते आहे, म्हणून थोडक्यात.

अठराला बाजारात जाऊ नकोस. गेलीसच तर चहाच्या खिडकीतून बाहेर पडू नकोस. नेसच्या जवळ तर मुळीच जाऊ नकोस, तिला हाक मारू नकोस, तिच्यासमोर उभी राहू नकोस. निदान त्या गायी विकून होईपर्यंत तरी.

कारण सांगता येत नाही. आमच्या वडिलांच्या घरात एक गोष्ट होती, ती आईलाही कधी सांगितली नाही. मी सांगितली तर क्लेम मला तोंड दाखवणार नाही, आणि बरोबर करेल. तार केली असती, पण तुमची तारही मिसेस डन्फीच घेते.

माझ्यावर चीड, क्लेमवर चीड, बुधवारी हवं तर नेसच्या झिंज्या उपट. मंगळवारी नको.

एनिड

*

कुलंबिन
२० मार्च १९६९

एनिड,

तुझं पत्र काल, बुधवारी आलं.

मंगळवारी काय झालं ते लिहिते. मी ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

पास्कोच्या गायी दुपारी निघाल्या. सगळा बाजार त्या कप्प्याभोवती गोळा झाला. क्लेम फळीवर, मागे कारकून. नेस खांबाजवळ. त्या दिवशी तिने स्वच्छ शर्ट घातला होता, इस्त्रीचा. तो बघितला आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी दोन कप चहा ओतला, एक हातात घेतला आणि निघाले. मिसेस डन्फी म्हणाली, डल्सी, जाऊ दे. पण तिच्या आवाजात मला मजा ऐकू आली.

बोली चढत होती. गँडी कप्प्याच्या कठड्यावर कोपर टेकून, बोट हलवत होता. क्लेम त्याची बोली घ्यायचा, मग मान वळवायचा, आणि दर वेळी बोली दोन डॉलरने वर जायची. मी नेसच्या अगदी खांद्याशी जाऊन उभी राहिले. तिला कळलंही नाही. डोळे क्लेमवर. तिचे ओठ कोरडे पडले होते. मी तिच्या तोंडापुढे कप धरला आणि म्हटलं, "चहा घे, नेस. आणि माझ्या नवऱ्यावरची नजर काढ. सगळं गाव बघतंय."

ती दचकली आणि माझ्याकडे वळली.

बस. इतकंच. माझ्याकडे वळली, आणि तिकडे क्लेमचा आवाज थांबला. गँडीची बोली वर होती. क्लेम थांबला, घसा खाकरला, रुमाल काढला, एकवार म्हणाला. खूप थांबला. दोनवार म्हणाला. खालून गँडी ओरडला, "झोप लागली का क्लेम?" लोक हसले. नेसने मान वळवली तेव्हा त्याचा हात हातावर बसला होता.

"रॉइस गँडी," असं तो कारकुनाला म्हणाला. फार हळू.

नेस ओरडली नाही. माझ्या हातातला कप तिने घेतला, खांबावर ठेवला, आणि म्हणाली, "डल्सी, माझ्या गायी गेल्या." आणि चालत ट्रककडे गेली.

तेव्हा मला कळलं. तिथेच, त्या खांबापाशी, सगळं एकदम. ती बघत होती तोवर बोलत होती. नजर खाली म्हणजे बोली बंद. आणि ती कंपनीची ऑर्डर म्हणजे तीच. उत्तरेचा मळा नाही न् काही नाही. गँडीला पत्ता लागू नये म्हणून दोन वर्षं ती बाई डोळ्यांनी बोली लावत होती, खोंडं घेत होती, चारून विकत होती, या एका दिवसासाठी. आणि मी चहा घेऊन गेले.

क्लेम घरी आला. मी वाट बघत होते की ओरडेल. ओरडला नाही. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "थांबता येतं तेवढं थांबलो मी. त्यापुढे थांबणं म्हणजे पास्कोशी बेइमानी. बोली ज्याची वर, गाय त्याची." मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "घेणाऱ्याची खूण सांगत नाहीत, डल्सी. कोणालाच नाही."

मला लाज वाटते, पण तुला खरं लिहिते. अजूनही जळतं. आधी वाटत होतं, त्यांचं काहीतरी आहे. नव्हतं. पण दोन वर्षं एक गोष्ट त्या दोघांत होती, आणि मी त्याच घरात, त्याच टेबलाशी, त्याच पलंगावर, आणि मला ती ठाऊक नव्हती. आणि तुलाही ती माहीत होती. हे जास्त झोंबतं.

नेसने कोणाला काही सांगितलेलं नाही. गावाला वाटतं, मी नवऱ्याला सांभाळलं. बायका माझी पाठ थोपटतात. मला तोंड लपवायला जागा नाही.

डल्सी

*

अल्व्हरस्टन
२७ मार्च १९६९

प्रिय डल्सी,

आता तू ती खूण मोडलीच आहेस, तर तुला सांगायला हरकत नाही. ती माझी होती.

मी एकोणीस वर्षांची होते. कठड्यावर बसून वडिलांचा लिलाव ऐकायचे. एक घेणारा होता, तोतरा. तो तोंड उघडायचा तोवर सौदा होऊन गेलेला, आणि लोक त्याची नक्कल करायचे. मी वडिलांना म्हटलं, तो तुमच्याकडे बघतो तोवर त्याची बोली धरा. वडिलांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, पोरीला अक्कल आहे. आणि पुढच्या वर्षी फळीवर चढवलं क्लेमला.

मी त्याच्याहून भरभर मोजायचे. माझा आवाज त्याच्याहून खणखणीत होता. पण मुलगी फळीवर उभी राहते का? मला बटाटेवाल्याला दिलं. तुला जळतं म्हणतेस, मला तीस वर्षं जळतंय. तू त्या बाजारापासून चार पावलांवर राहतेस आणि नाक मुरडतेस, हे वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नेसला गँडी छळायला लागला तेव्हा क्लेमने मला पत्राने विचारलं, काय करू? मीच सुचवलं. मग तुझी पत्रं आली. तुला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, याचं मला बरं वाटलं, डल्सी. सरळ सांगते. गप्प राहिले ते वडिलांच्या नियमासाठी, हे खरं. पण "जा आणि बघ" असं डिवचलं, ते माझ्या मत्सरापायी. त्या गायी गेल्या त्यात थोडा माझाही हात आहे.

आता कामाचं. गँडीला गायी नको आहेत, त्याला नदीकाठ हवाय. गायी पाळायला त्याच्याकडे गवत नाही. ईस्टरनंतरच्या बाजारात तो त्या विकायला काढेल. भाव आला नाही तर कारखान्यात जातील, त्याला फरक पडत नाही. नेसला खासगीत तो देणार नाही. आणि क्लेम इतका थांबला, म्हणजे आता त्याला तिचा संशय आलाच असणार, तो तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवेल. तिने खांबाजवळ उभं राहून उपयोग नाही.

मला काही सुचत नाही. सुचलं तर लिहीन. तू जेवत जा.

एनिड

*

कुलंबिन
१७ एप्रिल १९६९

प्रिय एनिड,

तुला काही सुचायची वाट मी बघितली नाही.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी नेसच्या दारात गेले. तिने मला पायरीवरच उभं केलं, आणि ते योग्यच होतं. मी म्हटलं, शिव्या नंतर दे, आधी ऐक. गँडी तुझ्यावर डोळा ठेवणार. तू त्याच्या अगदी समोर उभी राहा, जमिनीकडे बघत. खांबाजवळ मी उभी राहते. या गावात मला कोणी घेणारी समजणार नाही. मी तर नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाई, हे सगळ्यांना पाठ आहे.

तिने दाराला टेकून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "क्लेमला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. घेणाऱ्याची खूण कोणालाच सांगत नाहीत. तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मला आत घेतलं. ठरलं असं, की गायीमागे एकशे चौतीस डॉलरपर्यंत तिची ताकद. त्यापुढे जायची वेळ आली की ती डोक्यावरची हॅट काढणार आणि मी नजर खाली टाकायची.

परवा बाजार झाला. मी काळ्या फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिले.  नेस कप्प्यापाशी, गँडीच्या समोर, मान खाली. गँडी तिच्याकडे बघून गालात हसत होता. आता तो विकणारा होता ना, क्लेम त्याचं मीठ खात होता.

क्लेमने मला बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, आली पुन्हा तमाशा करायला. त्याने मान फिरवली. उत्तरेकडून आलेला एक गृहस्थ बोलत होता, त्याच्या बोलीवर गाडं चाललं. मी बघत राहिले. धूळ गेली डोळ्यांत, पाणी आलं, तरी बघत राहिले. क्लेमने पुन्हा वळून बघितलं. मी तशीच. तिसऱ्यांदा बघितलं आणि पुकारता पुकारता अडखळला. एनिड, त्या क्षणी त्याने मोठ्याने विचारलं असतं, "डल्सी, काय गं?", तर सगळं संपलं होतं. त्याने नाही विचारलं. मानेवरचा घाम पुसला, आणि बोली दोन डॉलरने वर नेली. माझी बोली. त्याचा आवाज बदलला, तो मला कळला, दुसऱ्या कोणाला कळला नसेल.

मग आम्ही दोघं, मी आणि तो उत्तरेचा. तो बोलायचा, क्लेम माझ्याकडे बघायचा. एकशे चौतीस माझ्यावर आली आणि उत्तरेच्या माणसाने मान हलवली. संपला. मला वाटलं, झालं. पण क्लेमचा हात खाली येईना. तो वाकून गँडीशी बोलला. गँडीने मान हलवली, नाही म्हणून. क्लेम ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना म्हणाला, "मालक म्हणतात, एकशे अडतीस. नाहीतर विकायच्या नाहीत." विकायच्या नाहीत म्हणजे दुसऱ्या दिवशी कारखाना, हे तिथे सगळ्यांना ठाऊक.

नेसने हॅट काढली. दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि जमिनीकडेच बघत राहिली.

क्लेमने माझ्याकडे बघितलं. त्याला नेसचं ठरलेलं माहीत नाही, हॅट माहीत नाही, काही माहीत नाही. नुसता बघत होता, विचारत होता. मी नजर खाली टाकली नाही. आईचा पियानो डोळ्यांपुढे आला, त्याच्यावरच्या मेणबत्तीच्या पितळी दांड्यांसकट. तरी नाही टाकली.

हात हातावर बसला. कारकुनाने पेन्सिल उचलून विचारलं, कोण? क्लेम जरासा थांबला.

"कंपनीची ऑर्डर," म्हणाला, आणि पुढच्या कप्प्याकडे चालायला लागला.

कोणाला काही कळलं नाही. गँडीला वाटलं, उत्तरेला गेल्या. मी चहाच्या खिडकीत परत आले तेव्हा मिसेस डन्फी म्हणाली, बिचारी, अजून तुझा जीव थाऱ्यावर येत नाही का? मी म्हटलं, नाही गं, अजून जळते. आणि कप विसळायला घेतले. काल नेसच्या फाटकातून बावीस गायी आत गेल्या तेव्हा मी तिच्या ट्रकमध्ये बसले होते. ती माझा हात धरून बसली. गायीमागचे वरचे चार डॉलर तिला मी कळू देणार नव्हते, पण तिने एकशे अडतीस कानांनी ऐकले होते. देईन म्हणते. मी म्हटलं, दे सावकाश. पियानो शाळेला विकलाय, शनिवारी न्यायला येतील.

मंगळवारी संध्याकाळी क्लेम घरी आला, मटणाचे चॉप खाल्ले, पेपर उघडला.  मला राहवेना. मी विचारलं, त्या लाल गायी कोणी घेतल्या रे आज?

"कंपनीची ऑर्डर होती."

"कोणाची?"

"घेणाऱ्याचं नाव मी घरात सांगत नाही, डल्सी. तुला माहीत आहे." आणि बटाटे मागितले. कान हे लाल.

एनिड, बावीस वर्षांत तो माझ्याकडे इतका वेळ, इतका जीव लावून बघत उभा राहिला नव्हता. लग्नातसुद्धा नाही. तेव्हा तर तो आपल्या बुटांकडे बघत होता. आता पुढच्या मंगळवारी नेसला खोंडं घ्यायचीत. खांबाजवळ पुन्हा तीच उभी राहणार. मी तिला म्हटलं, राहा, खुशाल बघ.

पण चहाच्या खिडकीची पाळी मी सोडलेली नाही.

तुझी,
डल्सी